आधी सांग, काय खाल्लं?

हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, रूमवर जाऊन निवांत लिहू म्हटलं तर राहून जाईल. शेवगावच्या स्टँडवर बसलेय. नगरची गाडी अजून लागलेली नाही. (जिल्ह्याचं नाव बदललं तरी इथला कंडक्टर अजून नगर-नगर-नगरच ओरडतो.) फोनची बॅटरी अर्धी आहे, तेवढ्यात जेवढं होईल तेवढं टाईप करते. शुद्धलेखन बघू नका.

आमचे म्हस्के सर गेले. आज सकाळी. दुपारी सगळं उरकलं.

बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी ड्युटीवरून नुकतीच रूमवर आले होते आणि डबा उघडून बसले होते. मेथीची भाजी, चपात्या, वरण-भात. मेसेज वाचला. परत वाचला. खाली जोडलेले हात पटापट यायला लागले, एकाखाली एक. मी फोन पालथा ठेवला आणि जेवले. सगळा डबा जेवले. वरणाची वाटी बोटानं पुसून खाल्ली. मग डबा धुताना लक्षात आलं की अरे, आपण जेवलो. सर गेले आणि आपण जेवलो. तेव्हापासून आत्तापर्यंत मला काहीच झालेलं नाही. रडू नाही. मी तशी भयंकर बडबडी, दर वाक्याला तीन उद्गारचिन्हं टाकणारी. आज बोट तिकडे जातच नाहीये. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालंय.

तर सर. सर शेवगावात एका शाळेत पीटी शिकवायचे आणि रोज सकाळी कॉलेजच्या ग्राउंडवर पोलीस भरतीच्या पोरापोरींना पळवायचे. फुकट. मी त्यातलीच एक. मी भरतीत लागले, नगरला पोस्टिंग मिळालं, ते सगळं त्या ग्राउंडवरूनच. पण ते जाऊ द्या, माझं नाही सांगायचंय.

सर पळायला शिकवायचे असं लोक म्हणतात. खरं म्हणजे ते खायला शिकवायचे. आणि अशा माणसाला अन्ननलिकेचं दुखणं झालं. घास खालीच उतरेना. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करता येईल, पण आत्ता अंगात तेवढी ताकद नाही, टेबलावर सोसणार नाही. वजन वाढवून आणा, मग बघू. बास. मागच्या काही महिन्यांत त्यांच्यापुढं एवढंच एक काम होतं, वजन वाढवणं. जन्मभर दुसऱ्याच्या पोटात काय जातंय ते बघितलं आणि शेवटी सगळं येऊन थांबलं ते त्यांच्या स्वतःच्या पोटात काय जातंय त्यावर.

सरांना कधीही "नमस्कार सर" म्हणा, "गुड मॉर्निंग" म्हणा, उत्तर एकच. "काय खाल्लं?" हसून नाही, प्रेमानं पण नाही, डॉक्टर कसा "कुठं दुखतंय" विचारतो तसं. आणि "जेवले सर" एवढं म्हणून सुटका नाही. काय जेवलीस? कधी? भाकरी का चपाती? भाजी कसली? पाणी किती वेळापूर्वी प्यायलीस? मग डोकं किंचित तिरकं करून हिशोब लावायचे आणि सांगायचे, "आज तुझी शेवटची चक्कर जड जाणार बघ." आणि जायचीच.

फोनवर पण "हॅलो" नाही. एकदा ग्राउंडवरच त्यांना कुठल्यातरी बँकेच्या बाईचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"सर, मैं बँक से बात कर रही हूँ, आपके लिए एक लोन का ऑफर..."

"काय खाल्लं?"

"जी?"

"सकाळपासून काय खाल्लं? खाना, खाना."

ती बाई गडबडली. मग खरंच बोलली बिचारी, "सर, अभी तक तो कुछ नहीं."

"मग आधी खा. मग कर फोन. उपाशी पोटी कर्ज वाटतीस व्हय?"

आम्ही हसून हसून लोळलो. सर नाही हसले. त्यांना खरंच काळजी वाटली होती.

दिसायला कसे, तर अंगानं काटक, खाली फॉर्मल पँट, वर ट्रॅकसूटचा निळा टॉप, पायात चप्पल. बूट घालून पळवणारे सर मी नंतर पुष्कळ बघितले. चप्पल घालून आमच्याबरोबर शेवटचा राऊंड मारणारे हे एकच. स्प्लेंडरच्या हँडलला केळ्यांची फणी लटकलेली आणि बाजूच्या पिशवीत स्टीलचा डबा, त्यात गूळ-शेंगदाणे. पोरींच्या पापण्या खाली ओढून आतलं लाल आहे का पांढरं ते बघायचं काम काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं. पांढरं दिसलं की त्या पोरीला हाळिवाचे लाडू सुरू. पळायच्या आधी चहा प्यायचा नाही असा कडक नियम होता आणि सर स्वतः आम्ही वॉर्मअप करेपर्यंत टपरीवर दोनदा चहा मारून यायचे. कोणी बोट दाखवलं की म्हणायचे, "मला कुठं भरती व्हायचंय?"

आम्ही नवीन होतो तेव्हाची गोष्ट. थंडी होती, सगळे कुडकुडत होतो. सर म्हणाले, आज शेकोटी करू. आम्ही खूश. तर त्यांनी शेजारच्या वावरातून उसाचं पाचट आणून टाकलं आणि काडी लावली. भक्कन पेटलं, केवढा जाळ, आम्ही हात पुढं करतोय तोवर राख.

"शेकलं का?"

"न्हाई सर, लगेच इझलं की."

"हे तुमचं साखर, गूळ, केळं, बिस्कीट. लगेच पेटतं, लगेच विझतं. आता हे बघा." मग बाभळीचं लाकूड ठेवलं. पेटता पेटेना. फुंकून फुंकून डोळे लाल झाले. पण एकदा धरलं ते आमचा पूर्ण सराव होऊन आम्ही परत आलो तरी निखारे होते. "ही भाकरी. चपाती, भात, रताळं बी ह्यातच. रात्री पोटात टाकली तर सकाळी पळताना कामाला येती. पाचट लावायचं ते फक्त पळायच्या थोडं आधी, भडका उडायला. आन् तूप, तेल, शेंगदाणे म्हंजी मोठा ओंडका. लई वेळ जळतो, पण पेटायलाच वेळ लागतो. पळायच्या तोंडावर वडापाव खाल्ला तर ओंडका नुसता धुपत बसंल पोटात."

कोणीतरी विचारलं, "आन् अंडी, डाळ, मटकी?"

"ते लाकूड न्हाई. ते गवंडी. पळून पळून घराच्या भिंती पडत्यात, ते मागनं येऊन बांधतंय. गवंड्याला चुलीत घालतं का कोण?"

मी नंतर ट्रेनिंगला गेले तिथं हेच सगळं तक्त्यावर शिकवलं, कार्बोहायड्रेट, फॅट, प्रोटीन. मी पेपरात नीट लिहिलं. पण लिहिताना डोक्यात पाचटच होतं.

ह्या गवंड्यावरूनच अमोलची भानगड झाली. अमोल आमच्या बॅचचा, अंगानं बारीक, त्याला छाती कमी पडायची भीती. त्यानं कुणाचं तरी ऐकून प्रोटीन पावडरचा हा एवढा डबा आणला. रात्री जेवणाऐवजी पावडर, सकाळी परत पावडर, भाकरी बंद. काही दिवसांनी सोळाशे मीटरच्या शेवटच्या चकरेत गडी खाली बसला तो उठेचना. तोंड पांढरं फटक. सर चालत गेले, पळत नाही. त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला, पाणी पाजलं, आणि शेजारी मातीत मांडी घालून बसले.

"काय खाल्लं?"

अमोल मातीकडं बघायला लागला.

"अरे सांग की. मारत न्हाई."

"पावडर, सर."

"आन् लाकूड?"

"न्हाई."

"म्हंजी गवंडी बोलावला, आन् चूल थंड. मग त्या गवंड्यानं काय केलं आसंल? भिंती बांधायच्या सोडून त्याच भिंतीच्या विटा चुलीत घातल्या." मग हात धरून उठवला. "चल घरी. काकूनं मटकीची उसळ केलीय. आन् तो डबा फेकू नको, बापाचे पैसे गेलेत. भाकरी खाऊन वरनं पी."

अमोल भरतीत थोडक्यात राहिला. आता दुधाचा टेम्पो चालवतो. शेवटपर्यंत सरांजवळ सगळ्यात जास्त तोच होता.

आणि शीतलचं तर सांगायलाच पाहिजे. शीतल आमच्यातली सगळ्यात वेगवान. आई-बाप ऊसतोडीला साताऱ्याच्या बाजूला, ही इथं मावशीकडं. तिचं ग्राउंड, म्हणजे भरतीची पळायची परीक्षा, लागलं मंगळवारी. आणि तिच्या आईनं पोरगी पोलीस व्हावी म्हणून देवीचे मंगळवार धरलेले, मायलेकी दोघींनी. उपास कसला, तर दिवसभर काही नाही, संध्याकाळी दिवा लावून सोडायचा. म्हणजे ज्या नोकरीसाठी उपास, त्या नोकरीचं पळणं उपाशी पोटी. शीतल आम्हाला काही बोलली नव्हती. सरांनी आठवड्याभर आधी प्रत्येकाला, ग्राउंडच्या दिवशी काय खाणार, असं विचारलं तेव्हा ती रडायलाच लागली.

मला वाटलं आता सर उपासावर भाषण देणार. त्यांनी तिच्याच फोनवरून आईला लावला. सकाळची वेळ, तिकडं कोयत्यांचा आवाज येत होता.

"ताई, मी म्हस्के सर."

"बोला सर. पोरगी बरी हाय ना?"

"बरी हाय. तुमी काय खाल्लं?"

"आज मंगळवार हाय ना वो. च्या घेतला."

"आन् मोळी उचलताना?"

तिकडं कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "येती थोडी चक्कर. बसते घडीभर."

"पोरीला बसायला टाईम न्हाई मिळायचा ताई. तिला एकदाच पळायचंय."

"आवो पन सर, उपास मोडला आन् देवी कोपली तर? इथवर आनलंय तिनंच."

"मोडायचा न्हाईच. मी कुठं मोडा म्हणतोय? रताळं उपासाला चालतं ना?"

"चालतं की."

"केळं? खजूर? राजगिऱ्याचा लाडू?"

"समदं चालतं. पन आमी सकाळी न्हाई खात."

"मग एवढंच विचारा देवीला. उपासाचंच खाती पोरगी, फक्त सकाळी खाल्लं तर चालंल का. तिचं काय म्हणणं पडतंय ते मला सांगा."

देवीला कसं विचारलं ते आईलाच माहीत. तासाभरानं फोन आला. "सर, व्हय म्हणली." आणि मग जरा लाजत, "आन् सर, मी बी आत्ता येक केळं खाल्लं, मोळी उचलायच्या आधी."

सरांनी फोन ठेवला आणि पाठ फिरवून बराच वेळ स्प्लेंडरचा आरसा पुसत बसले.

मग शीतलचं असं ठरलं की आदल्या संध्याकाळी भरपूर भाकरी-वरण, सकाळी लवकर उकडलेलं रताळं, आणि नंबर यायच्या थोडं आधी केळं. साबुदाण्याची खिचडी मात्र सरांनी चालू दिली नाही. त्यांचं आणि साबुदाण्याचं जुनं वैर. मावशीनं एवढ्या प्रेमानं, तुपात, दाण्याचा कूट घालून डबा भरून दिला होता. सरांनी तो काढून घेतला, "पळून आल्यावर" म्हणाले, आणि शीतल तिकडं पळत असताना टेन्शनमध्ये तो सगळा डबा स्वतः खाऊन टाकला. शीतल निघाली ग्राउंडमधून. पहिल्या पाचात. बाहेर आली आणि म्हणाली, "सर, माझी खिचडी?" सरांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

तर असा माणूस.

मग सरांना कोणी "तुम्ही काय खाल्लं" विचारलं की ते विषय बदलायला लागले. आमच्या कुणाच्या लक्षात नाही आलं. काकूंच्या आलं. आधी भाकरी दुधात कुस्करून, मग नुसतं दूध, मग दूध पण घोट घोट. काकूंनी जबरदस्तीनं नगरला आणलं. मी ड्युटी बदलून हॉस्पिटलला गेले तेव्हा डॉक्टरांचं बोलणं होऊन गेलं होतं. सर कॉटवर बसलेले, नाकातून नळी, ती गालावर चिकटपट्टीनं लावलेली. मला बघितल्या बघितल्या म्हणाले, "माझंबी ग्राउंड लागलं बघ. तारीख न्हाई दिली, पण वजन मागितलंय. काय खाल्लं तू?"

मी म्हटलं, "कँटीनला इडली, सर."

"चांगलंय," म्हणाले, आणि नळीकडं बोट दाखवून, "ह्यात इडली जात न्हाई."

मग ते भरतीसारखेच वजनाच्या मागं लागले. काकू सकाळपासून गाळण्या घेऊन बसायच्या. डाळीचं पाणी, नाचणीचं सत्त्व, दूध, डॉक्टरांनी दिलेली पावडर. सिरिंजनं हळूहळू नळीत सोडायचं. ती पावडर आणायचं काम अमोलकडं. पहिल्यांदा डबा घेऊन दारात उभा राहिला तेव्हा सर म्हणाले, "आला का गवंडी?" अमोल हसला आणि मग बाहेर जाऊन टेम्पोच्या मागं उभा राहिला थोडा वेळ.

वजन करायला घरात काटा नव्हता. गल्लीच्या टोकाला एक धान्याचा व्यापारी आहे, त्याच्या काट्यावर, जिथं गव्हाची पोती ठेवतात तिथं, सर दर रविवारी उभे राहायचे. एका रविवारी वजन वाढलं. सगळे एवढे खूश. काकूंनी सरांच्या खिशात हात घातला तर किल्ल्या, मोबाईल, आणि पोरं सरावाला पायाला बांधतात ते वाळूचे पट्टे. काकू चिडल्या.

"आवो कोणाला फशिवताय?"

"बघत हुतो, वाढल्यावर कसं वाटतं ते," सर म्हणाले.

नळीनं खाल्लं की चव नसते. पोट भरतं एवढंच कळतं. त्यामुळं काकूंनी सिरिंज रिकामी करून बाजूला ठेवली की सर विचारायचे, "काय खाल्लं मी?"

काकू सांगायच्या, "मुगाचं कढण. जिरं घातलं हुतं."

"तुपाची फोडनी?"

"व्हय."

मग डोळे मिटून पडायचे. जणू आता खाल्लं.

आज दुपारी घरी गेले तेव्हा अंगणात माणसं, आत बायका. चूल पेटलेली नव्हती, शेजारून पिठलं-भाकरी यायची होती. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. मला वाटलं आता तरी काहीतरी होईल आपल्याला. काकू हळूच, जशी काही घरातली साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाल्या, "काल रात्री नळीतून दिलं. त्यांनी इचारलंच न्हाई गं, काय खाल्लं म्हणून. मी वाट बघत बसले." एवढंच. मी मान हलवली. त्या पण रडत नव्हत्या. कोणीतरी पंखा जोरात कर म्हणालं. अमोल अंगणात खांद्यावरचा टॉवेल एकदा ह्या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर करत उभा होता.

वजन वाढलं नाही. ऑपरेशन झालं नाही. ह्यात सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

गाडी लागली वाटतं. नाही, ती पाथर्डीची. अजून वेळ आहे, तर शेवटचं सांगते. म्हणजे मी सरांना शेवटचं बघितलं ते.

माझी वीकली ऑफ होती, शेवगावला आले होते, सकाळी ग्राउंडवर गेले. आता नवीन पोरं आहेत, अमोल दुधाची फेरी उरकून त्यांचं बघतो. पोरं पळून आली, भिंतीच्या कडेला बसली, डबे उघडले. मोड आलेली मटकी, चणे, केळी, गूळ-शेंगदाणे. मी पण एक केळं घेतलं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "सर आले रे."

आणि सगळ्यांनी डबे बंद केले. पटापट. कोणी बॅगेत कोंबला, कोणी पाठीमागं सरकवला. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांनी केलं. मी पण अर्धं सोललेलं केळं जॅकेटच्या खिशात घातलं. आपल्याकडं समोरच्याला दिल्याशिवाय खायचं नाही, लहानपणापासून हेच शिकवलेलं, घास अडकतो म्हणतात. आणि सरांना तर देताच येणार नाही. मग काय करणार.

अमोलनं त्यांना स्प्लेंडरवर मागं बसवून आणलं होतं. माकडटोपी, त्यातून बाहेर आलेली नळी, निळा टॉप अंगावर असा लोंबत होता की आतून कुणी निघून गेलंय. पायरीवर बसवलं. सरांनी सगळ्यांकडं बघितलं.

"काय खाल्लं?" आवाज बारीक झाला होता, पण वाक्य तेच.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"इचारतोय मी."

एक पोरगी, नवीन, मला तिचं नाव पण माहीत नाही, ती म्हणाली, "अजून न्हाई खाल्लं सर."

"पळून किती वेळ झाला?"

"झाला थोडा."

"मग? भिंती पडल्यात आन् गवंड्याला दारात उभा केलाय? डबे न्हाई आणले का?"

पोरगी खाली बघत म्हणाली, "आणलेत सर. पन तुमच्यापुढं कसं खायचं? तुमाला देता येत न्हाई ना."

सरांनी नळीची चिकटपट्टी बोटानं दाबून बसवली. चिडतील असं वाटलं, आणि चिडले पण.

"म्हंजी मी खाऊ शकत न्हाई म्हणून तुमी उपाशी राहणार. उद्या भरतीत मागं पडला तर काय सांगताल, सरांचा घसा दुखत हुता?" त्यांना बोलायला त्रास होत होता, मधे थांबून श्वास घेत होते. "काढा डबे. माझ्यापुढंच खा. मला बघायचंय."

एक एक डबा उघडला. पोरं खायला लागली, आधी लाजत, मग भूक लागलेलीच होती. सर एकेकाकडं बघत होते.

"त्या मटकीला लिंबू पिळलंय का?"

"व्हय सर."

"कांदा?"

"हाय."

"चावून खा. गिळू नको."

मी खिशातून केळं काढलं. चेंगरलेलं, जॅकेटचा दोरा चिकटलेला. सर माझ्याकडं वळले.

"तुझं काय?"

"केळं, सर. लई पिकलंय."

"तेच चांगलं. लगेच लागतं."

हे माझ्याशी शेवटचं बोलणं.

मी खाता खाता वर बघितलं आणि मला ते दिसलं. सरांचा जबडा हलत होता. हळूहळू, त्या पोरीच्या मटकीच्या घासाबरोबर. ती चावत होती तसे ते चावत होते. तोंडात काही नाही. गालावरची चिकटपट्टी वर-खाली होत होती. त्यांना कळत होतं का माहीत नाही. पोरीनं गिळलं, तेव्हा ते पण थांबले, आणि म्हणाले, "चांगली झालीय."

मग अमोलनं त्यांना गाडीवर बसवलं. जाताना माकडटोपी बाजूनं दिसत होती आणि टोपीच्या खाली, कानाच्या पुढं, जबडा अजून हलत होता.

गाडी लागली. ही नगरचीच. आणि मला परत भूक लागलीय, खरं सांगते, चांगली कडकडून. स्टँडच्या गाड्यावरून केळं घेतलंय, हातात आहे, लई पिकलंय. रडू अजून नाही.

तुमचं झालंय का असं कधी? आपलं माणूस गेल्याचं कळलं आणि दुसरं काहीच न होता नुसती भूक लागली, असं? झालं असेल तर सांगा ना. आणि सांगताना आधी हे सांगा, तेव्हा काय खाल्लं?